चाल कोणाची?

कामगार संघटनेचे काम करणारा माणूस व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिला की विषय काय असणार हे श्रोत्यांनी आधीच ठरवलेले असते. महागाई, बोनस, कंत्राटी पद्धत, फार तर नव्या श्रमसंहिता. आम्ही या वेळी विषय कळवला तो 'एका विज्ञानकथा-मालिकेचे संगीत' असा. चिटणिसांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचे चुकले नाही. आम्ही संगीताचे शास्त्र शिकलेले नाही. शाळाही नववीनंतर सुटली, पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही हाच विषय का घेतला, ते शेवटपर्यंत ऐकणाऱ्याच्या लक्षात येईल अशी आशा आहे.

आमच्या कानावर पडलेले पहिले संगीत म्हणजे गिरणीचा भोंगा. वडील साचेखात्यात होते. पहाटेच्या भोंग्याला घर जागे होई आणि दुपारच्या भोंग्याला घरातल्या घड्याळाची वेळ लावली जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. त्या दिवसांतली सर्वांत ठळक आठवण मोर्चाची नाही, घोषणेचीही नाही. भोंगा न वाजल्यामुळे चाळीत जी शांतता पसरली, तिची आहे. यंत्राच्या आवाजाशी माणसाचे नाते जडते हे आम्हाला तेव्हा कळले. ते नाते पुन्हा जागे झाले काही वर्षांपूर्वी, संघटनेच्या कचेरीत हिशेब लिहिणाऱ्या एका तरुण कार्यकर्त्यामुळे. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाईलवर एक इंग्रजी मालिका पाहत असे. एके दिवशी तिची सुरुवातीची धून आमच्या कानांवर आली आणि हातातला घास हातातच राहिला. खाली घोड्याच्या टापांसारखा ठेका, दुम-दि-दि-दुम, दुम-दि-दि-दुम. आणि वर एक किंचाळता, घसरत जाणारा सूर. तो सूर ना बासरीचा, ना सारंगीचा, ना माणसाचा. आम्ही विचारले, "हे वाद्य कोणते?" तो म्हणाला, "वाद्यच नाही, साहेब." त्या दिवसापासून आम्ही या संगीताच्या मागे लागलो, ते अजून सुटलेलो नाही.

मालिकेचे नाव 'डॉक्टर हू'. मराठीत सांगायचे तर 'डॉक्टर कोण?' ब्रिटनच्या बीबीसी दूरचित्रवाणीवर तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. लोकांचे चित्त थाऱ्यावर नव्हते, म्हणून पुढल्या शनिवारी तो भाग पुन्हा दाखवावा लागला. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौचे जन्मलेले, तेव्हा पंचविशीतले तरुण. आणि निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट याही तरुण बाई. गोष्ट अशी की, 'डॉक्टर' म्हणवणारा एक परग्रहवासी काळाच्या आणि अवकाशाच्या वाटेवर भटकत असतो. त्याचे यान बाहेरून दिसते त्या काळच्या लंडनच्या रस्त्यांवरील पोलिसांना फोन करण्याच्या निळ्या पेटीसारखे; आत मात्र ते महालाएवढे. डॉक्टर मरणाच्या दारी पोहोचला की त्याचा देह पालटतो आणि नवा नट त्याची जागा घेतो. या युक्तीमुळे मालिका संपण्याचे कारणच उरले नाही. १९८९ साली ती थांबली, १९९६ साली एक चित्रपट झाला, २००५ साली ती नव्याने सुरू झाली, आणि २०२३ साली तिला साठ वर्षे झाली. नट बदलले, लेखक बदलले, निर्माते बदलले. पहिल्या दिवसापासून मस्टरवर कायम राहिलेली हजेरी एकच, ती त्या धुनेची.

ही धून रॉन ग्रेनर यांची. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, त्या काळचे नावाजलेले संगीतकार. त्यांनी एका कागदावर मावेल एवढी स्वरलिपी लिहून दिली. खालचा ठेका, वरची चाल, आणि मधूनमधून कोणता आवाज हवा याच्या खुणा. त्या खुणाही अशा की त्यांत कोणत्या वाद्याचे नाव नसे, तर 'वाऱ्याचा बुडबुडा', 'ढग' अशा अर्थाचे शब्द असत. तो कागद बीबीसीच्या एका लहानशा खात्याकडे आला. खात्याचे नाव रेडिओफोनिक वर्कशॉप. आम्ही त्याला 'ध्वनिशाळा' म्हणतो. डॅफ्नी ओरम आणि डेस्मंड ब्रिस्को यांच्या खटपटीने १९५८ साली ती लंडनच्या मेडा व्हेल भागात उघडली होती. तेथे वादक नव्हते. होते ते इतर खात्यांतून जमवलेले सामान, टेप-यंत्रे, कात्री आणि इंचपट्टी. कागद हाती पडला तो डेलिया डर्बीशायर नावाच्या सव्वीस वर्षांच्या बाईंच्या, आणि मदतीला होते डिक मिल्स.

आता त्यांनी काय केले ते सावकाश पाहू, कारण या व्याख्यानाचा कणा तोच आहे. आज संगणकावर बोट टेकवले की हवा तो आवाज निघतो. १९६३ साली सिंथेसायझर बाजारात मिळत नव्हता. या बाईंकडे मूळ कच्चा माल तीन प्रकारचा होता. एक, ताणलेली एक तार आणि तिचा टणत्कार. दोन, ऑसिलेटर, म्हणजे यंत्रे तपासण्यासाठी अभियंते वापरतात ती पेटी. तिची चकती फिरवली की एकच सपाट सूर निघतो, त्यात ना गोडवा, ना जीव. तीन, रेडिओचे स्टेशन लागत नसते तेव्हा येते तशी खरखर. ही खरखर म्हणजे सगळ्या उंचीच्या सुरांची एकत्र खिचडी. तिला विजेच्या चाळणीतून गाळले की हवा तेवढाच भाग उरतो, आणि मग ती कधी वाऱ्यासारखी तर कधी वाफेसारखी सुसाटते. ग्रेनर यांचे ढग आणि बुडबुडे या खरखरीतून निघाले.

हा माल फितीवर घ्यायचा आणि मग फितीचे गणित करायचे. ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक यंत्रात फीत सेकंदाला पंधरा इंच वेगाने सरकते असे धरा. मग अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा, पाव सेकंदाचा स्वर म्हणजे पावणेचार इंचांचा. ज्याला आपण लय म्हणतो, मात्रा म्हणतो, ती येथे शिंप्याच्या टेपाने मोजता येते. तुकडा पट्टीने मोजून पात्याने कापायचा, दुसऱ्याला चिकटपट्टीने सांधायचा, पुन्हा मोजायचा, पुन्हा सांधायचा. संपूर्ण धून अशी तुकड्या-तुकड्यांनी जोडलेली आहे.

उंचीचे काय? तेथे फितीचा वेग कामाला येतो. फीत दुप्पट वेगाने फिरवली की सेकंदाला ४४० कंपनांचा सूर ८८० कंपनांचा होतो, म्हणजे बरोबर एक सप्तक वर चढतो. मध्य षड्जाचा तार षड्ज झाला. पण त्याच क्षणी त्याचे आयुष्य निम्मे होते, कारण तेवढीच फीत निम्म्या वेळात संपते. वेग निम्मा केला तर सूर मंद्रात उतरतो आणि लांबी दुप्पट होते. वेग दोन्ही टोकांच्या मधला ठेवला तर मधले सूर मिळतात. म्हणजे तारेचा एकच टणत्कार निरनिराळ्या वेगांनी उतरवून घेतला की त्यातून खालच्या ठेक्याचे सगळे सूर तयार होतात. मग प्रत्येकाची लांबी कापून सारखी करायची. पेटीवर एक पट्टी दाबण्याऐवजी एक सूर मिळवायला किती हात चालवावे लागले, हे ध्यानात घ्यावे. वरची चाल ऑसिलेटरची. तो सपाट सूर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो तेव्हा आपल्याकडच्या माणसाला मींड आठवते. आम्हाला तर सारंगीच आठवली. निर्जीव पेटीतून मींड काढायची तर ती बाईंच्या कानात आधी असली पाहिजे. पेटीत ती नसते.

ठेक्याची एक फीत, चालीची एक, खरखरीची एक. आज एका यंत्रावर अनेक पदर वेगवेगळे मुद्रित होतात. त्यांच्याजवळ तसे यंत्र नव्हते. म्हणून अनेक यंत्रांवर अनेक फिती चढवायच्या, एक-दोन-तीन म्हणून सगळी यंत्रे एकदम सुरू करायची आणि एकत्र होणारा आवाज आणखी एका फितीवर घ्यायचा. एखादे यंत्र जरा मागे पडले की पुन्हा पहिल्यापासून.

डिक मिल्स यांनी सांगितलेली एक हकीकत आम्हाला फार आवडते. सगळ्या फिती जुळवल्या, पण कोठे तरी एक सूर चुकीचा येत होता आणि तो कोणत्या फितीत आहे ते ऐकून सापडेना. शेवटी त्यांनी फिती इमारतीच्या लांबलचक बोळात जमिनीवर शेजारी-शेजारी उलगडल्या आणि सांधे तपासत चालत गेले. सगळ्यांचे सांधे एका रेषेत यायला हवे होते. एका जागी एक सांधा रेषेबाहेर दिसला, आणि चूक सापडली. ही हकीकत ऐकली तेव्हा आम्हाला वडील आठवले. साच्यावर कापडात दोष आला की ते वाकून हाताने ताण्याचे धागे चाचपत आणि तुटलेला धागा नेमका काढत. कानाने न सापडलेला बेसूर डोळ्यांनी शोधणारी ती दोन माणसे आणि माझ्या बापासारखे साचेवाले एकाच जातीचे कारागीर होते, असे आम्ही समजतो.

काम पुरे झाल्यावर ग्रेनर ऐकायला आले. ऐकून थक्क झाले आणि त्यांनी विचारले, हे मीच लिहिले काय? डर्बीशायरबाईंनी उत्तर दिले की, बरेचसे. या एका शब्दात सगळा वाद सामावला आहे. कागदावरची चाल ग्रेनर यांची, यात शंका नाही. पण आपण जी ऐकून दचकतो, ती कागदावरची चाल नव्हे. ख्यालगायनात बंदिश एकाची असते आणि ती उभी करणारा गळा दुसऱ्याचा. मैफलीला आपण बंदिशकाराचे नाव घेतो आणि गायकाचेही घेतो. दोघांपैकी एकाचेच नाव घ्यायचा दंडक आपल्याकडे नाही.

या बाई कोण? जन्म कॉव्हेंट्री या कारखान्यांच्या शहरातला, ५ मे १९३७ चा. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी ते शहर भाजून काढले तेव्हा ही मुलगी तीन वर्षांची होती. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले आहे की, हवाई हल्ल्याची सूचना देणारा आणि धोका टळल्याचे सांगणारा भोंगा हे आपल्या मनावर ठसलेले पहिले अमूर्त संगीत. नंतर त्यांना प्रेस्टनला नेण्यात आले. ते कापडगिरण्यांचे गाव. तेथे सकाळी गिरणीकडे जाणाऱ्या कामगारांच्या लाकडी तळाच्या बुटांचा फरसबंदीवर होणारा खडखडाट त्यांच्या कानांत भरला, तो कायमचा. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. आमच्या लहानपणीचा भोंगा आणि त्यांच्या लहानपणीचा भोंगा! एकाने कामाला बोलावले, दुसऱ्याने खंदकात लपायला लावले. पण कान घडले ते दोन्हीकडे यंत्राच्याच आवाजाने. तो ठेका ऐकताच आमचा घास का थांबला याचे उत्तर कदाचित यातच असेल.

गणित आणि संगीत शिकून त्या १९५९ साली केंब्रिजहून पदवीधर झाल्या. डेका या ध्वनिमुद्रण कंपनीकडे नोकरी मागितली, तर उत्तर मिळाले की आमच्या ध्वनिमुद्रणगृहात आम्ही बायका घेत नाही. १९६० मध्ये बीबीसीत उमेदवार म्हणून लागल्या आणि १९६२ मध्ये मागून घेऊन ध्वनिशाळेत गेल्या. गमत पाहा. १९६४ साली 'डॉक्टर हू'ची धून तबकडीवर निघाली, ती याच डेका कंपनीची! बाईंना दार बंद होते, बाईंच्या कामाला ते उघडे होते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. ग्रेनर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी डर्बीशायरबाईंना सहसंगीतकार म्हणून नाव आणि रॉयल्टीचा निम्मा हिस्सा देऊ केला. बीबीसीच्या व्यवस्थेने ते होऊ दिले नाही. त्या काळी माणसाचे नाव न देता खात्याचे नाव द्यायची तेथे रीत होती. म्हणून पडद्यावर नाव आले ते रॉन ग्रेनर यांचे आणि ध्वनिशाळेचे. बाईंना मिळाला तो त्यांचा पगार.

याच्या उलट प्रकार अमेरिकेत घडला. तेथली 'स्टार ट्रेक' ही अशीच दीर्घ चाललेली विज्ञानकथा-मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. तिची धून अलेक्झांडर करेज यांची. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी त्या धुनेला नंतर शब्द लिहिले. ते शब्द मालिकेत कधीही गायले गेले नाहीत. पण गीतकार म्हणून नाव लागले आणि करार तसा असल्याने रॉयल्टीचा निम्मा वाटा त्यांच्याकडे गेला. करेज यांनी हे नीतीला धरून नाही असे म्हटले. कायद्याला मात्र ते धरून होते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. एके ठिकाणी देणारा द्यायला तयार असताना नियमाने घेऊ दिले नाही. दुसऱ्या ठिकाणी एका ओळीचाही उपयोग नसताना नियमाने घेऊ दिले. आम्ही तीस वर्षे नियमांच्या पुस्तकाशी झगडत आलो. नियम निर्मळ असतो आणि माणूस लबाड असतो, हा समज या दोन गोष्टींपुढे टिकत नाही.

पण सगळा दोष मालकांवर टाकून मोकळे होणे आम्हाला शोभणार नाही. आपल्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. १९५६ साली 'फॉरबिडन प्लॅनेट' नावाचा अमेरिकन विज्ञानचित्रपट आला. त्याचे सारे संगीत लुई आणि बेबी बॅरन या पतिपत्नींनी स्वतः जोडलेल्या विद्युत-मंडलांतून काढले होते. पण पडद्यावर 'संगीत' हा शब्द आला नाही, 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' असा काही तरी गोलमाल शब्द आला. कारण वादकांच्या संघटनेशी तंटा होण्याची भीती होती. वादकांची भीती खोटी नव्हती. पेटीतून संगीत निघू लागले तर व्हायोलिन वाजवणाऱ्याने खायचे काय? तरीही त्या भीतीची किंमत कोणी दिली? दुसऱ्या दोन श्रमिकांनीच. त्यांच्या कामाचे नावच काढून घेतले गेले. ज्याच्या कामाला नाव नाही त्याच्या कामाला भाव नाही, हे आम्ही सभांतून सांगतो. आणि कधी कधी आम्हीच ते नाव खोडतो.

दुसऱ्याचे कशाला, आमचेच सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमची संघटना होती. मोटारीच्या तारा गुंडाळण्याच्या खात्यात एक बाई होत्या. तार गुंडाळण्याची त्यांनी एक वेगळी पद्धत बसवली आणि तारेची नासाडी पुष्कळ कमी झाली. व्यवस्थापनाच्या सूचना-पेटी योजनेतले बक्षीस मिळाले ते त्यांच्या सुपरवायझरला. बाई आमच्याकडे आल्या. तेव्हा वेतनवाढीच्या कराराची बोलणी चालली होती. आम्ही म्हणालो, "ताई, हा वैयक्तिक प्रश्न आहे. आधी करार होऊ द्या, मग पाहू." करार झाला, पेढे वाटले गेले, आणि ते 'मग' कधी आले नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात आम्ही त्यांच्या हातगुणाचे कौतुक केले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तेव्हा एक चिठ्ठी लिहिली असतीत तर पुरले असते." या धुनेची कहाणी कळल्यापासून ते वाक्य आमचा पिच्छा सोडत नाही.

आपल्या चित्रपटसंगीताच्या चाहत्यांनाही हा प्रश्न परका नसावा. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाद्यमेळ उभा करणारे संयोजक बरेचसे गोव्याचे. शंकर-जयकिशन यांच्या चाली आपण गुणगुणतो. त्यांना वाद्यांचे अंग देणारे सेबॅस्टियन डिसोझा यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? चाल एकाची, अंग दुसऱ्याचे, आणि पाटी एकाचीच.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाकाऊ नाही. नोकरी म्हणजे नोकरी. पगार घेतला, यंत्रे संस्थेची, वेळ संस्थेची, मग काम संस्थेचे. शिवाय अशा शाळेत दहा हातांनी काम होते. नाव कोणाकोणाचे घालायचे? तोल राखून पाहिले तर या म्हणण्यात तथ्य आहे. डर्बीशायरबाईंनी हे एकटीने केले असे म्हणणे म्हणजे डिक मिल्स यांच्यावर तोच अन्याय करणे होय. आणि सार्वजनिक पैशाने चालणारी ती शाळा नसती तर बाईंना तो बोळ आणि त्या फिती मिळाल्याच नसत्या, हेही खरे. पण मालकी आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर मालकाचे असते म्हणून ते गवंड्याने बांधले हे खोटे ठरत नाही. पगार हा वेळेचा मोबदला असेल. नाव हा सत्याचा भाग आहे, आणि सत्याला खर्च येत नाही.

या मालिकेच्या पुढच्या संगीताकडेही याच नजरेने पाहावे. डॉक्टरच्या यानाचा घरघरता आवाज ब्रायन हॉजसन यांनी केला. आईच्या घराची किल्ली घेऊन एका जुन्या पियानोच्या जाड तारांवर खरवडली आणि त्या आवाजावर पुढचे संस्कार केले. प्रसंगांच्या मागचे संगीत १९६४ पासून १९७९ पर्यंत बहुतांशी डडली सिंप्सन यांनी मोजक्या वादकांच्या साथीने केले. ध्वनिशाळेत एक भलामोठा नवा सिंथेसायझर आला होता. १९७२ साली त्यावर शीर्षक-धून नव्याने बसवण्यात आली, आणि त्या कामात स्वतः डर्बीशायरबाईही होत्या. नवे रूप वरिष्ठांना पटले नाही, तेव्हा पुन्हा जुनीच कात्री-चिकटपट्टीची धून लागली. यंत्र नवे असले म्हणजे काम चांगले होतेच असे नाही; आणि त्याच कारागिराच्या हातातही अवजार बदलले की माल बदलतो. यंत्रे विकणारे आम्हाला हे कधी सांगत नाहीत.

१९८० मध्ये पीटर हॉवेल यांनी सिंथेसायझरवर धून नव्याने केली, ती लोकांना रुचली. त्याच वेळी प्रसंगसंगीतही ध्वनिशाळेकडे गेले आणि वादकांचा तो छोटा ताफा घरी बसला. १९९८ मध्ये ध्वनिशाळाच बंद पडली. म्हणजे यंत्राने वादकांना घालवले आणि मग लहान यंत्राने मोठ्या यंत्राच्या खात्याला घालवले. हा क्रम आमच्या ओळखीचा आहे. पण २००५ साली मालिका पुन्हा सुरू झाल्यावर मरे गोल्ड यांनी संगीत केले, आणि त्या नाताळपासून वेल्सच्या बीबीसी राष्ट्रीय वाद्यवृंदाचे वादक त्यात आले. गेलेले वादक परतले! आणि त्यांच्या तंतुवाद्यांच्या व पितळी वाद्यांच्या गर्दीत गोल्ड यांनी १९६३ च्या मूळ फितीतले आवाजही ठेवले. वाद्यवृंद कितीही मोठा झाला तरी त्या बोळात सांधलेल्या फितीवाचून त्यांचे भागले नाही. याहून मोठे प्रशस्तिपत्र कारागिराला कोणते?

बाईंनी १९७३ मध्ये बीबीसी सोडली. पुढे त्यांनी गॅसची नळवाहिनी टाकण्याच्या कामावर रेडिओ-ऑपरेटर म्हणूनही नोकरी केली. ३ जुलै २००१ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्या वारल्या. घराच्या माळ्यावर त्यांच्या २६७ फिती निघाल्या. त्या पुढे मँचेस्टर विद्यापीठाकडे गेल्या. मालिकेच्या पन्नासाव्या वाढदिवशी, २३ नोव्हेंबर २०१३ रोजी, विशेष भागाच्या श्रेयनामावलीत शीर्षक-संगीतासाठी ग्रेनर यांच्या नावाबरोबर प्रथमच डेलिया डर्बीशायर हे नाव आले. २०१७ मध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर सन्माननीय डॉक्टरेट दिली. 'डॉक्टर कोण?' या प्रश्नाचे एक उत्तर असेही निघाले.

पण ज्यांना ते ऐकवायचे, त्या ऐकायला नव्हत्या. पन्नास वर्षे लागली, आणि लागले काय, तर पडद्यावरची एक ओळ. नव्याने पैसा द्यायचा नव्हता, यंत्र आणायचे नव्हते. रॉन ग्रेनर पहिल्या वर्षीच कबूल होते. तेव्हा एक चिठ्ठी लिहिली असती तर पुरले असते.

या सभागृहात कारखानदार आहेत, शिक्षक आहेत, नाट्यमंडळे चालवणारे आहेत, आणि आमच्यासारखे संघटनावालेही आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली कोणी ना कोणी फिती सांधत बसलेला आहे. त्याच्या निरोप-समारंभाची वाट पाहू नका. आम्ही या व्याख्यानाची तयारी करताना त्या ताईंचा पत्ता शोधून काढला आणि जी चिठ्ठी तेव्हा लिहायची राहिली, ती लिहून संघटनेच्या शिक्क्यानिशी त्यांना नेऊन दिली. उशीर झाला आहे हे त्यांनी सांगितले, आणि मग चहा ठेवला. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. आत नातू मोबाईलवर काही तरी लावून बसला होता, ते थांबवून त्यांनी त्याला बाहेर बोलावले आणि ती त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली.